जमिनीवरचा तांडेल

हजेरी घेताना अस्मिता मॅडम माझ्या नावाशी जरा अडखळतात. "तांडेल... नमिता." मॅडम पुण्याहून लग्न होऊन बोरिवलीत आल्या. त्यांचं 'तां' असं नाकातून येतं की शेवटच्या बाकावर कुणाला तरी शिंक यावी. एकदा मराठीच्या तासाला त्या म्हणाल्या, "अगं, तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. तुमच्याकडे नाव असेल मग!" मी म्हटलं, "नावच आहे मॅडम, बोट नाहीये." वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग फळ्यावर शब्द लिहून त्यांनी सांगितलं, की तांडा म्हणजे टोळी, व्यापाऱ्यांचा तांडा असायचा तसा, त्यावरून हा शब्द आला असावा. पण छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही.

गोराईच्या आमच्या पाड्यात छातीवर हात ठेवून कुणी काहीच सांगत नाही, ओरडून सांगतात.

माझा आजा बंदरात तांडेल होता. तिथे तो हुद्दा. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हाताखाली खलाशांची टोळी. ते खलाशीसुद्धा कधी समुद्रात जायचे नाहीत, पेट्या उतरवायचे. आज्याला तर बोट लागायची. लाँचमधून खाडी ओलांडून बोरिवलीला जाताना तो डोळे मिटून मारुतीस्तोत्र पुटपुटायचा. आडनाव तांडेल, हुद्दा तांडेल, आणि गुडघाभर पाण्यात घाम.

बोटीवरचा तांडेल म्हणावा असा आमच्या कुळात एकच झाला. तो म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, तुळशीदास. माझा तुळशीकाका.

बोट नाखवाची असते. डिझेल नाखवाचं, जाळं नाखवाचं, बोटीवर रंगवलेलं देवीचं नाव नाखवाच्या आवडीचं. पण किनारा सुटला की बोट तांडेलाची. कुठे जाळं टाकायचं, कधी ओढायचं, आभाळ बघून कधी माघारी फिरायचं, ते तांडेल सांगेल तसं. नाखवा स्वतः बोटीवर असला तर तोही गप बसतो. तुळशीकाकाच्या बोटीवर तर सगळेच गप बसायचे. कारण काका स्वतः बोलायचा नाही. तो आधी घसा खाकरायचा, मग एक शब्द टाकायचा. "हंऽ... फिरव." "हंऽ... सोड." जेवतानाही तसंच. कमलकाकी विचारायची, "आनखी भात?" तर "हंऽ... नको." काकी म्हणायची, "ह्याच्यासंगती पंचवीस वर्सा काढली, पन ह्याचं बोलनं एका एसटीच्या तिकिटावर लिवून होईल."

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी काकाची बोट वेळेच्या आधी आली. बोट जाळ्याशिवाय आली, हे किनाऱ्यावरच्यांना आधी दिसलं. माणूस कमी आहे, हे नंतर.

बोटीवर चौघं गेले होते. काका, डहाणूकडचे दोन खलाशी आणि शेजारच्या सखुमावशीचा मुलगा चंद्रप्रकाश. आम्ही त्याला चंदू म्हणायचो. चोवीस-पंचवीस वर्षांचा, ढांगळा, आवाज कायम बसलेला, जसा काही आताच क्रिकेटची मॅच जिंकून आलाय. काका चिखलात उतरला, सरळ सखुमावशीच्या ओटीवर गेला आणि म्हणाला, "हंऽ... लाटंत गेला. शोधला. नाय गावला."

मग सगळ्या बोटी गेल्या. दोन दिवस शोधलं. पोलीस आले, त्यांनी विचारलं, काकाने तेच सांगितलं. डहाणूकडच्या दोघांनीही तेच सांगितलं, एकमेकांकडे न बघता. मग ते गावी गेले ते परत आले नाहीत. चंदूही आला नाही. जिवंत नाही, मेलेलाही नाही.

आता आमच्या पाड्याची एक रीत सांगते. बोटीवरून माणूस गेला, तर त्या तांडेलाने सुकाणूला हात लावायचा नाही. मेलेल्याच्या घरचं कुणीतरी, आई, बायको, भाऊ, तेराव्यानंतर किनाऱ्यावर येतं, तांडेलाचा हात धरतं आणि सुकाणूवर ठेवतं. "जा बाबा, दर्या तुजा," म्हणतं. त्याला सुकान देणं म्हणतात. सुकान मिळालं की मनात काही राहिलं नाही, असं सगळ्यांनी धरायचं. नाही मिळालं, तर कुठलाही खलाशी त्या तांडेलाच्या बोटीवर चढत नाही. कायदा नाही, लिहिलेलं नाही. पण चढत नाहीत.

सखुमावशी सुकान देईना. तिला काकाचा राग होता असंही नाही. सणाला त्याच्या घरी वाटीभर खीर पाठवायची. तिचं म्हणणं एवढंच, "माजा पोऱ्या जिता हाय. पाकिस्तानच्या बोटीनं उचलला असंल. तिकडं पालघरची पोरा चार-चार वर्सानी आली का नाय परत? जित्या पोराच्या आयेनं सुकान कसा देवाचा गो? मीच माज्या हातानं मारू त्याला?" प्रेत नाही म्हणून दहन नाही. दहन नाही म्हणून तेरावं नाही. तेरावं नाही म्हणून सुकान नाही. आणि तुळशीकाका, जो समुद्रात नसेल तेव्हा फक्त झोपलेला असायचा, तो जमिनीवर आला.

त्याला काम मिळालं तेही तांडेलाचंच. अंधेरीला एमआयडीसीत एक ठेकेदार आहे, अवजड मशिनं हलवणारा. छपाईचं मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, बॉयलर भिंत फोडून आत घ्यायचा, असली कामं. त्या धंद्यात ओढणाऱ्यांना खलाशी म्हणतात आणि त्यांच्या म्होरक्याला तांडेल. पाणी सुटलं, शब्द राहिले. मी एकदा डबा द्यायला गेले होते. तिथला इंजिनिअर, श्रेयस सर, मुलुंडचा, हेल्मेटखाली केस विस्कटू नयेत म्हणून हेल्मेट हातात धरणारा. तो काकाला म्हणतो, "टँडल, बघा ना जरा, हे लेफ्टला टिल्ट होतंय का? म्हणजे मला होतंय असं वाटतंय. म्हणजे नसेलही." सायकलचं पेडल म्हणावं तसं टँडल. काका दोर हाताला गुंडाळतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "हंऽ... लेऽऽ!" बारा माणसं ओढतात. मशीन वीतभर सरकतं. पुन्हा, "हंऽ... लेऽऽ!"

मी घरी येऊन दोघांचे आवाज काढले. आई हसून हसून ओट्यावर बसली. कमलकाकी हसली नाही. म्हणाली, "दोर ताणला की त्यो डोले मिटतो, बघितलास?" मी आवाज ऐकत होते, डोळे कशाला बघू? "मिटतो," काकी म्हणाली. "आनि रात्री झोपंत पाय झारतो, जसा कायतरी गुंडाळलाय."

सखुमावशीचं आणि आमचं घर एका भिंतीचं. ती सुकट निवडायला बसली की मी तिच्याकडे जाऊन बसायची, गोष्टी करायची, गोष्टींतले सगळे आवाज काढायची. सरपंचबाई, लाँचवरचा तिकीटवाला, चर्चमधला फादर, ज्याचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे. एकदा कुठल्यातरी गोष्टीत चंदू आला. मी काही ठरवलं नव्हतं. त्याचं वाक्य आलं म्हणून त्याचा आवाज काढला. "आयो, भात घाल. बोंबील नको. काय?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचं हे 'काय' असायचं, वर चढणारं आणि मध्येच फुटणारं.

मावशीचे हात सुकटीत थांबले. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "आनखी एकदा बोल गो."

तिथून ते सुरू झालं. आठवड्यातून एकदा तरी. आधी मी तिचं दुसरं काम करायची. चंदूचा फोन त्या दिवशी घरीच चार्जिंगला राहिला होता. तो नंबर बंद पडू नये म्हणून मावशी मला रिचार्ज मारायला लावायची. "तिकडनं कवातरी लावंल, नि नंबर बंद आसला तर?" ते झालं की ती सुकटीचं सूप पुढे ओढायची आणि वर न बघता म्हणायची, "बोल." मी बोलायची. "आयो, शर्ट कुठं ठेवलास? काय?" "आयो, आज पाऊस नाय, जातो, काय?" मावशी त्याला उत्तरं द्यायची. "पेटीवर बघ. डोले फुटले काय तुजे?" आमचं असं दहा-पंधरा मिनिटं चालायचं. खरं सांगायचं तर मला मजा यायची. आवाज नेमका लागला की पोटात कसं गार वाटतं, ते लागलेल्यालाच कळतं. मावशीसुद्धा त्या वेळी हसायची. नंतर ती एक ताट जास्त वाढायची, ते तसंच झाकून ठेवायची. सकाळी ते कुत्र्याला.

यंदा नारळी पुनवेच्या आधी काकाच्या जुन्या नाखवाचा तांडेल आजारी पडला. मणक्याचं दुखणं, डॉक्टरने सांगितलं बोट विसरा. बोट रंगवून तयार आणि चालवायला माणूस नाही. नाखवा काकाच्या घरी आला. नाखवाचा आवाज म्हणजे लग्नातला बेंजो. "तुळशीदास! अरे जमिनीवर काय सडतोस? म्हातारीकडे जा, नारळ ठेव, पाया पड. सहा वर्षं झाली! तिला तरी कळायला नको का? नाय दिलं तिने सुकान, तर मी बाहेरचा तांडेल आणतो. मग तू आयुष्यभर त्या अंधेरीच्या भंगारातच ओढ!"

नाखवा गेल्यावर कमलकाकी एवढंच म्हणाली, "जा. निदान इचारून तरी ये. तुला असा बगून बगून मीच मरून जाईन."

काका दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी नारळ घेऊन मावशीकडे आला. आम्ही दोघी आत होतो. दार लोटलेलं. मी त्या दिवशी चांगलीच रंगात होते. मावशी म्हणाली होती, "कवा येतंस तां इचार त्याला." मग मी इचारलंही आणि चंदू होऊन उत्तरही दिलं. "येतो गो आयो. पुनवेला येतो. नारळाच्या वड्या करून ठेव. काय?"

बाहेर काहीतरी पडलं. मी दार उघडलं. नारळ पायरीवरून घरंगळत गटाराकडे चालला होता आणि काका भिंतीला धरून उभा होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"मीच, काका," मी म्हटलं. माझ्या आवाजात.

मी जाऊन नारळ आणला. काका आत येऊन बसला. मावशीने त्याला पाणी दिलं. तिला माहीत होतं तो कशाला आलाय; पाड्यात नाखवा बोलला की खाडीपलीकडे चारकोपला ऐकू जातं.

"तुळशी, मना ठाव हाय तू कशाला आयलास," ती म्हणाली. "माजा काय नाय रं. पोऱ्या येऊदे. त्याच दिशी तुज्या हातात सुकान देते, तुज्या कपालाला गुलाल लावते."

मावशीने माझ्याकडे हात केला. "ऐकलास ना आता? पुनवेला येतो बोलला." ती गंमत करत होती की खरंच म्हणत होती, मला आजही कळलेलं नाही. मला वाटतं, तिलाही कळत नव्हतं.

"तो येवाचा नाय," काका म्हणाला. घसा न खाकरता.

"तुला काय ठाव?"

"मना ठाव हाय. दोर मीच कापला."

सूप मावशीच्या मांडीवरून सरकलं. तिने ते धरलं, बाजूला ठेवलं, हातावरची सुकट झटकली. "नीट सांग," ती म्हणाली.

काकाने सांगितलं. आयुष्यात तो इतका बोललेला मी ऐकला नव्हता. जाळं खाली कशाततरी अडकलं होतं, दगडात म्हणा, बुडलेल्या बोटीत म्हणा. भरतीचं पाणी ओढत होतं. जाळ्याचा दोर बोटीच्या मागच्या टोकाला बांधलेला, तो ताणला तशी बोट मागून दबायला लागली, पाणी आत यायला लागलं. चंदू दोर सोडवायला मागे गेला. दोराचा वेढा त्याच्या पायात पडला आणि दोराने त्याला ओढून पाण्यात नेलं. तो बोटीपासून जवळच होता, दोराला धरून, तोंड वर. इंजिन मागे घेऊन बघितलं, ढिलं होईना. बोटीत पाणी गुडघ्याला लागलं. दोर कापला नसता तर बोट बुडाली असती, चौघं गेले असते. दोर कापला तर जाळं तळाला जाणार, आणि जाळ्याबरोबर तो.

"आनि कोयता तांडेलापाशी असतो," काका म्हणाला.

मावशी चार दशकं बोरिवलीच्या बाजारात मासे विकत आलीय. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा ती जशी एकेक प्रश्न टाकते, तशीच विचारत होती.

"कवरा दूर व्हता?"

"दोन-तीन हात."

"हात दिलास?"

"दिला. पोचला नाय."

"त्यानं कोयता बगितला?"

"बगितला."

"काय बोलला?"

काका जमिनीकडे बघत होता. बाहेर कुणाच्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

"'तांडेल, थांब,' बोलला."

"काका नाय बोलला तुला?"

"नाय. तांडेल बोलला."

जन्मापासून चंदू त्याला काकाच म्हणायचा. बोटीवरसुद्धा. त्यावरून बाकीचे खलाशी त्याला चिडवायचे.

मावशी माझ्याकडे वळली. "बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"तां बोल. त्याच्या आवाजात. मना ऐकूदे."

"मावशी, नको ना."

"बोल गो!"

मी काकाकडे बघितलं. तो म्हणाला नाही नको म्हणून. आणि माझा गळा माझ्या आधी तयार असतो, ते मी काय करू? बसलेला आवाज, पाण्यात असल्यासारखा आखडलेला श्वास, शेवटचं अक्षर वर चढून फुटलेलं. "तांडेल, थांब!"

'काय' आलं नाही. तिथे ते बसतच नव्हतं.

काकाने दोन्ही हात कानांवर ठेवले. मावशी बसल्या जागी पुढे-मागे झाली, एकदाच. मग म्हणाली, "हां. ह्यो माजा पोऱ्या." ती उठली, भिंतीजवळ गेली, चंदूचा फोन चार्जरवरून काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो बंद कर. आता नको." मग काकाला, "नारल ठेव नि जा."

संध्याकाळपर्यंत पाड्यात दोन पक्ष झाले. एक म्हणे, तांडेलाने तेच करायचं असतं, तीन जीव वाचवले, त्यात त्याचा स्वतःचा होता म्हणून काय झालं. दुसरा म्हणे, दोर कापला ते सोडा, पण सहा वर्षं म्हातारीला ताट वाढायला लावलं ते कशात बसतं? आई म्हणाली, "दोनी खरं हाय." नाखवा म्हणाला, "च्यायला, आता काय सुकान मिळत नाय," आणि बाहेरच्या तांडेलाला फोन लावला.

मावशीने भटजी बोलावला. प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात. भटजींनी पानांची संख्या, कुठला अवयव कुठल्या पानांचा, सगळं ताला-सुरात सांगितलं. एरवी मी तो सूर संध्याकाळपर्यंत उचलला असता. पायाकडची पानं मावशीने स्वतः बांधली. भटजी म्हणाले, दोरा दोनदा गुंडाळा. ती म्हणाली, "पायात नको. पायात काय बांधू नका." मग पाय तसेच सुट्या पानांचे राहिले.

तुळशीकाका दूर उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

तेराव्यानंतर मावशी स्वतः किनाऱ्यावर आली. नाखवाची बोट चिखलात उभी होती, नवा तांडेल अजून पोचायचा होता. तिने पोरांकडून काकाला बोलावलं. अंधेरीला जायला निघालेला तो, पायांत बूट, खांद्याला डब्याची पिशवी. ती त्याच्याशी बोलली नाही. बोटीवर चढायला तिला दोघांनी हात दिला. वर गेल्यावर तिने काकाचा हात धरला आणि सुकाणूवर ठेवला. नाखवाच्या तोंडावर असं हसू आलं की आता तो कुणाला तरी पेढे आणायला धाडणार.

पण मावशीने हात सोडला नाही.

"दर्या तुजा, असा मी बोलनार नाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी मागच्या ओळीत मला ऐकू आला. "त्यो तुला थांब बोलला ना? मंग थांब. जवाजवा तिथनं जाशील, तवातवा थांबवाचा. मशीन बंद करवाचा. मासं सरतीत तर सरूदे, वारा सुटंल तर सुटूदे. तू तिथं थांबवाचास."

काका म्हणाला, "हंऽ..."

पुढचा शब्द आला नाही. मावशीने हात सोडला आणि खाली उतरली.

कमलकाकी रडली, आनंदाने की कशाने ते कुणी विचारलं नाही. पुनवेनंतर काका समुद्रावर जायला लागला. अंधेरीचं काम सुटलं. झोपेत पाय झाडणं सुटलं नाही, काकी सांगते. मी सकाळच्या लाँचने कॉलेजला जाते तेव्हा कधीकधी त्यांची बोट खाडीच्या तोंडाबाहेर निघालेली असते. इंजिनाची टकटक दूर जात जात मधेच तुटते. लाँचवरचे लोक गप्पा मारत असतात, त्यांना काही कळत नाही. मला कळतं. बऱ्याच वेळाने टकटक पुन्हा सुरू होते.

त्याच्या बोटीवर खलाशी टिकत नाहीत. एक म्हणाला, वेळ फुकट जातो. एक म्हणाला, तिथे थांबलं की खालून कुणीतरी बघतंय असं वाटतं. नाखवा वैतागलाय, दर थोड्या दिवसांनी नवा माणूस शोधत फिरतो आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवतो, "तांडेल चांगला हाय. फक्त एके ठिकाणी थांबतो."